आवाज बंद करून

वार्डोच्या थिएटरात खुर्च्या एकशे बारा,
त्यातल्या सात मोडक्या.
जानेवारीत इथे सूर्य उगवायचं नाव घेत नाही,
म्हणून लोक येतात.
हीटर चालू असतो, म्हणूनही.

महिन्यातून एकदा सिनेमाच्या शेपटीला
आम्ही एक शास्त्रज्ञ बांधतो.
मागच्या खेपेला समुद्रातल्या राक्षसानंतर
एक मत्स्यशास्त्रज्ञ आला होता.
राक्षसाला कल्लेच नाहीत, हे त्याने दाखवलं;
मग जाळं कसं धरतात
हे कोळ्यांनी त्याला दाखवलं,
रात्री साडेअकरापर्यंत.

या खेपेचं पोस्टर:
आधी अंतराळयुद्ध,
मग डॉक्टर राग्नफ्रिद औने,
मग माशाचं सूप.

मी वर, प्रोजेक्टरच्या खोलीत.
एकोणीस वर्षं एका चौकोनी भोकातून
जगाचा अंत पाहतोय,
कॉफी पीत.
त्या रात्री तीनशे यानं जळाली, एक ग्रह फुटला,
खाली खुर्च्यांचे स्क्रू थरथरले
आणि पोरांनी कानात बोटं घातली,
आनंदाने.

दिवे लागले. बाई उभ्या राहिल्या,
बुटांवर अजून रस्त्याचं मीठ.
म्हणाल्या, छान होतं. मी रडलेही एकदा.
फक्त एवढंच, की तिथे हवा नाही.
हवा नाही, तर आवाज नाही.
तो ग्रह फुटला असता
तर दुधावरची साय मोडावी
इतका मुकाट.

एइलर्ट, जुना बोटवाला, उठून म्हणाला,
मग मी दीडशे क्रोनर कशाचे दिले?

आणि तिसऱ्या रांगेतून बर्गल्योत.
तीस वर्षं मासे सोलायच्या यंत्रांपाशी,
कान तिथेच ठेवून आलेली.
तिने पर्स उघडून कानातलं यंत्र दाखवलं:
हे मी सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं.
म्हणजे खरा सिनेमा मी एकटीने पाहिला.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.
मग त्यांनी मान वर केली, थेट माझ्या भोकाकडे
(रीळ अडकल्याशिवाय इकडे कुणी बघत नाही)
आणि विचारलं, ती लढाई पुन्हा लावाल?
आवाज बंद करून?

मी खटका शून्यावर आणला.

आधी ऐकू आला हीटर.
मग कुणाचंतरी पोट.
नायलॉनच्या जाकिटांची कुजबुज,
पत्र्यावर चाचपडणारा वारा.
आणि पडद्यावर यानं उघडत होती
एकामागून एक,
कुणी पाकिटं फोडावीत तशी.

एका खिडकीत एक माणूस होता.
अकरा खेळ झाले होते त्या सिनेमाचे,
मला तो दिसला नव्हता.
त्याचे ओठ हलत होते.
मग खिडकीच नव्हती.

काय म्हणत होता तो? अंधारात कुणीतरी विचारलं,
आणि शेजारणीने तो प्रश्न बर्गल्योतच्या तळहातावर
बोटाने लिहिला.
दार लावून घे, म्हणत होता,
बर्गल्योत म्हणाली,
जरा मोठ्यानेच, बहिऱ्या माणसांच्या रीतीने.
मला तरी तसं दिसलं.

कुणी हसलं नाही.
हसावंसं वाटलं होतं, मलाही.

मग पहिल्या रांगेतल्या सात वर्षांच्या यूनचा हात वर:
तिथे हाक कशी मारायची?
रेडिओ असतो, बाई म्हणाल्या.
आणि रेडिओ बिघडला तर?
तर जवळ जायचं. अगदी जवळ.
हेल्मेटला हेल्मेट टेकवायचं
आणि बोलायचं.
आवाज काचेतून काचेत जातो.

सुपापर्यंत कुणाला धीर निघाला नाही.
कोटांच्या खोलीत पोरं टोप्यांना टोप्या भिडवून
ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?
एकाच्या नाकातून रक्त आलं, थोडंसं.

मी कुलूप लावलं तेव्हा
बर्गल्योत पायरीवर थांबलेली,
भाचा गाडी घेऊन येणार होता.
वर ताऱ्यांचा खच पडलेला, निमूट.
शुभ रात्री, म्हणालो मी.
तिचं यंत्र अजून पर्समध्येच.

मग मी वाकलो,
माझी लोकरी टोपी तिच्या टोपीला टेकवली
आणि पुन्हा म्हणालो.

ओरडू नकोस,
ती म्हणाली.